गळ, उंदीर आणि सालईचा डिंक

चैत्र पौर्णिमेला हिंजवडीत म्हातोबाचं बगाड निघतं. एरवी आयटी पार्कच्या बसगाड्या ज्या भागात तासन्‌तास अडकून पडतात, तिथून त्या दिवशी भंडारा-गुलालात न्हालेली गर्दी वाकडच्या दिशेनं सरकते. बगाडावर असतो गळकरी. त्याच्या पाठीच्या कातडीत लोखंडी गळ टोचलेले असतात. गळकरी होणं हा मान आहे, शिक्षा नव्हे, आणि तो मिळालेला माणूस त्यासाठी आधीपासून मनानं तयार झालेला असतो.

बगाडाची ही प्रथा वेदनाशास्त्राच्या जगप्रसिद्ध पुस्तकात जाऊन पोचली ती एका पुणेकरामुळे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा भारतातल्या जिवंत प्रागितिहासावरचा लेख १९६७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये छापून आला. त्यात गळ टोचून झुलणाऱ्या माणसाचं वर्णन होतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी ते उचललं आणि १९७३ च्या आपल्या ‘द पझल ऑफ पेन’ या पुस्तकात वापरलं. त्यांना नवल वाटलं ते गळांचं नव्हे. त्या माणसाच्या वागण्यात वेदनेची खूण दिसत नाही, याचं त्यांना नवल होतं. हेच मेल्झॅक १९६५ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांच्यासोबत एक सिद्धान्त मांडून बसले होते. इजा झालेल्या जागेकडून येणारा संदेश जसाच्या तसा मेंदूत पोचत नाही, पाठीच्या कण्यात त्याला एक फाटक लागतं, आणि ते किती उघडायचं यात वरून मेंदूही लुडबुड करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तपशील पुढे पुष्कळ बदलले, पण मूळ कल्पना टिकली. इजा आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

औषधी वनस्पतींच्या पुस्तकात बगाड कशाला, असं वाचकाला वाटेल. निर्गुडीच्या पाल्यानं कंबर शेकली आणि दुखणं थांबलं, या वाक्याची परीक्षा घ्यायची तर आधी हेच फाटक ओलांडावं लागतं. दुखणं पाल्यानं थांबलं, उबेनं थांबलं, शेकणाऱ्या हातांमुळे थांबलं, की चार दिवसांनी आपोआप थांबणारच होतं? तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे. दुखण्याला एकच साधन आहे, आणि ते म्हणजे ज्याला दुखतंय त्याचं सांगणं.

पिंपरी-चिंचवडच्या परिसरात, हिंजवडीलगतच्या मारुंजीपासून आकुर्डी-पिंपरीपर्यंत, औषधनिर्माणशास्त्राची बरीच महाविद्यालयं आहेत. एम. फार्म.च्या प्रबंधासाठी एखादी वनस्पती घेऊन तिचा ‘वेदनाशामक परिणाम’ तपासणं हा तिथला नेहमीचा विषय. त्याचा प्रवास ठरलेला असतो. आधी झाड ओळखायचं. फुलाफळासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि पुण्यातल्या बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या कार्यालयात किंवा आघारकर संशोधन संस्थेत नेऊन दाखला मिळवायचा. विद्यार्थ्यांना ही कटकट वाटते. पण ‘रास्ना’चं उदाहरण घेतलं की तिचं मोल कळतं. वातावरच्या काढ्यांमध्ये रास्ना हवीच. उत्तरेत या नावाखाली ‘प्लुचिया लॅन्सिओलाटा’ची पानं-मुळं मिळतात, दक्षिणेत कुलंजनाच्या जातीचा ‘अल्पिनिया गलंगा’चा कंद मिळतो, बंगालात तर झाडांवर वाढणाऱ्या ‘वांडा’ या ऑर्किडची मुळं. तीन वेगळ्या कुळांतल्या या वनस्पतींचा एकमेकींशी संबंध नाही. ‘रास्नेनं दुखणं कमी झालं’ असं नुसतं लिहिलं तर कशानं कमी झालं, हे कुणालाच कळत नाही.

निर्गुडीच्या बाबतीत तो घोळ नाही. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी वाढणारं, निळसर फुलांचं आणि उग्र वासाचं हे झुडूप. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पानं सावलीत वाळवायची, भरड करायची आणि सॉक्सलेटच्या उपकरणात मिथेनॉलनं अर्क काढायचा. इथंच एक खटकण्यासारखी गोष्ट आहे. आपल्याकडे निर्गुडी वापरणाऱ्या बाईनं मिथेनॉल कधी पाहिलेलं नसतं. ती पाला पाण्यात उकळते किंवा तव्यावर गरम करून बांधते. मिथेनॉलमध्ये जे उतरतं ते पाण्यात उतरेलच असं नाही. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये निर्गुडीच्या ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क घेतला आणि उंदरांना तोंडावाटे दिला. सूज आणि वेदना या दोन्हींवर त्याचा परिणाम त्यांना दिसला. परंपरेतला दावा तपासायचा तर परंपरेतल्या पद्धतीनं, इतकं साधं भान त्यात होतं.

यानंतर पाळी येते उंदरांची. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातून आलेल्या समितीच्या नियमांनुसार महाविद्यालयाला आपल्या नीतिसमितीची परवानगी घ्यावी लागते. किती प्राणी, कुठली इजा, शेवटी त्यांचं काय करणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं. आणि ते लिहायला लावणं योग्यच आहे, कारण वेदनाशामक तपासायचं म्हणजे आधी वेदना द्यायची.

ती देण्याचे प्रकार गेल्या शतकात ठरत गेले. १९४१ मध्ये डी’अमोर आणि स्मिथ यांनी उंदराच्या शेपटीवर उष्णतेचा झोत टाकून ती किती सेकंदांत झटकली जाते हे मोजलं. १९४४ मध्ये वुल्फ आणि मॅकडोनाल्ड यांनी तापलेल्या तबकडीची चाचणी आणली. साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या पत्र्यावर छोटा उंदीर ठेवायचा आणि तो पंजे चाटू लागेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंतचा वेळ घ्यायचा. पंधरा सेकंदांत काहीच झालं नाही तरी त्याला उचलायचं, नाहीतर पंजे भाजतात. तिसरी चाचणी पोटात सौम्य ॲसेटिक ॲसिड टोचण्याची. उंदीर अंग पिळतो, मागचे पाय ताणतो. ठरावीक मिनिटांत किती पिळे पडले ते मोजायचं. आणि १९७७ मध्ये डुबुइसन आणि डेनिस यांनी पंजात फॉर्मालिन टोचून जरा हुशार चाचणी उभी केली. तिच्यात वेदना दोन टप्प्यांत येते. पहिली काही मिनिटं नसांची थेट तक्रार, मग थोडी शांतता, मग सुजेमुळे येणारं दुसरं दुखणं. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात काम करतात, अफूच्या जातीची दोन्हींमध्ये.

म्हणजे कुठल्या चाचणीत वनस्पती पास झाली यावरून ती कुठल्या वाटेनं जात असेल याचा अंदाज येतो. त्यावर आणखी एक उलटतपासणी असते. नॅलॉक्झोन नावाचं औषध शरीरातली अफूची कुलुपं, म्हणजे अफू जिथं बसून काम करते त्या जागा, अडवून धरतं. अर्क दिला, वेदना कमी झाली, आणि मग नॅलॉक्झोन दिल्यावर तो परिणाम पुसला गेला, तर अर्काचा रस्ता अफूचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्गुडीवरच्या एका भारतीय अभ्यासात तसा तो पुसला गेला नाही. नॅलॉक्झोनचं नाव वाचकानं लक्षात ठेवावं, ते पुढे माणसांच्या चाचणीत भलत्याच कामाला येणार आहे.

आता या चाचण्यांतली मेख. तापलेल्या तबकडीवर उंदीर उशिरा पंजा चाटतो, कारण त्याला दुखत नाही, किंवा त्याला गुंगी आली आहे, किंवा त्याचे स्नायू ढिले पडले आहेत. घड्याळाला तिन्ही सारखेच. पोट पिळण्याच्या चाचणीत तर वेदनाशामक नसलेली कितीतरी औषधं सहज पास होतात. म्हणून चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला फिरत्या दांड्याची चाचणी करायला लावतो. तोच अर्क दिलेला उंदीर हळू फिरणाऱ्या दांड्यावर तोल सांभाळतो का, हे पाहायचं. तो धडाधड खाली पडत असेल तर वेदना गेली नाही, शुद्ध गेली आहे. ही जोडचाचणी न करता छापलेले निबंध ढीगभर सापडतात, आणि मी तरी ते वाचून बाजूला ठेवतो.

दुसरी मेख मात्रेची. किलोला ५०० मिलिग्रॅम अर्क ही अशा निबंधांत नेहमी दिसणारी मात्रा. छोट्या उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण १२.३ नं भागतात. म्हणजे किलोला सुमारे ४० मिलिग्रॅम, साठ किलोच्या माणसाला २.४ ग्रॅम अर्क. वाळलेल्या पानांपासून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं तर एका मात्रेला २४ ग्रॅम वाळका पाला. इतकी निर्गुडी कुठलाही वैद्य देत नाही आणि कुठलाही माणूस गिळत नाही. निष्कर्षात मात्र ‘पारंपरिक वापराला शास्त्रीय आधार मिळाला’ हे वाक्य हमखास असतं. आधार मिळाला तो मोठ्या मात्रेत उंदराला काहीतरी होतं, एवढ्यालाच. गंमत म्हणजे उंदराच्या पायरीवर जवळजवळ सगळ्याच वनस्पती पास होतात, नापास झालेल्यांचे निबंध फारसे छापले जात नाहीत, आणि बहुतेक वनस्पतींची गोष्ट इथंच संपते.

जी इथं संपली नाही अशी एक गोष्ट पुण्यातली. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये घरोघर पाहणी सुरू केली. कुणाचं काय दुखतं, हे विचारायचं. चार हजारांवर प्रौढांना विचारल्यावर सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. म्हणजे गावातल्या दर पाच-सहा मोठ्या माणसांत एक जण दुखणं अंगावर काढत होता. त्याच सुमारास चोप्रा आणि पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आयुर्वेदातल्या औषधांची चाचणी आधुनिक औषधांच्याच कसोटीवर लावायच्या मागे होते. अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद या चौघांचं एक मिश्रण त्यांनी आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, १८२ रुग्णांवर सोळा आठवडे तपासलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. निकाल २००० साली छापून आला.

औषध घेणाऱ्यांना बरं वाटलं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांनाही चांगलंच बरं वाटलं. आकडे औषधाच्या बाजूनं झुकत होते, पण सुजलेल्या सांध्यांची मोजदाद सोडली तर दोन गटांतला फरक ठामपणे औषधाचा म्हणावा इतका नव्हता. एखाद्या कंपनीनं असा निकाल कपाटात टाकला असता. या मंडळींनी तो छापला, आणि प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीचा, परिणाम जोरदार होता हेही लिहिलं. महाराष्ट्रात वनौषधींवर जे काम झालं त्यात हा निबंध मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो आपला दावा पूर्ण सिद्ध करू शकला नाही म्हणूनच वाटतो.

प्लासिबोनं बरं वाटणं म्हणजे रुग्ण खोटं बोलत होते असं नाही. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. प्लासिबोनं ज्यांचं दुखणं कमी झालं त्यांना मग गुपचूप नॅलॉक्झोन दिलं, आणि दुखणं परत वाढलं. औषध नसलेल्या औषधाचा परिणाम अफूची कुलुपं अडवल्यावर पुसला गेला होता! आराम पडेल या अपेक्षेनं शरीर स्वतःचीच अफू सोडतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. उंदराच्या बाबतीत नॅलॉक्झोन वनस्पतीला प्रश्न विचारतं, माणसाच्या बाबतीत ते विश्वासालाही विचारतं. उंदराला अर्कावर विश्वास नसतो. माणसाला असतो, आणि आजीनं दिलेल्या काढ्यावर तर विशेष असतो.

तीच चार औषधं पुढे गुडघ्यांच्या झिजेवर तपासली गेली. शिबिरांतून ३५८ लोकांना पाहून ९० निवडले आणि ३२ आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००४ च्या या निबंधात मात्र औषधाचा गट प्लासिबोच्या स्पष्ट पुढे गेला. आमवात आणि झीज हे दोन वेगळे आजार आहेत, ‘वात’ या एका शब्दाखाली बाजारात दोन्ही एकाच बाटलीनं बरे करायला निघतात ती गोष्ट वेगळी.

या चौघांतली सालई आपल्या विदर्भाच्या आणि सातपुड्याच्या कोरड्या जंगलातली. सालीला खाच पाडली की डिंक पाझरतो, त्याचा धूप जळतो. जम्मूच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात या डिंकाचा सूज उतरवणारा गुण उंदरांवर तपासला गेला. जर्मनीत हर्मन अमॉन यांच्या गटानं त्यातली बॉस्वेलिक आम्लं ‘५-लायपॉक्सिजिनेज’ या विकराला अडवतात असं दाखवलं. ॲस्पिरिन ज्या विकराला अडवतं त्याहून हा वेगळा आहे. आणि माणसांवरची एक नेटकी चाचणी झाली ती नागपुरात, इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात. २००३ मध्ये छापलेल्या या चाचणीत रुग्ण फक्त ३० होते, पण मांडणी चलाखीची होती. पंधरा जणांना आठ आठवडे सालईचा अर्क, पंधरा जणांना प्लासिबो. मग काही दिवसांचा खंड आणि त्यानंतर अदलाबदल. प्रत्येक गुडघा स्वतःशीच ताडून पाहिला गेला. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, लोक जास्त चालू लागले. एक्स-रेमध्ये काहीही बदललं नाही. झिजलेली कूर्चा परत आली नाही, दुखणं तेवढं सरकलं.

नागपूरच्याच मंडळींनी नंतर सालईला व्हाल्डिकॉक्सिब या त्या वेळच्या गाजलेल्या वेदनाशामकाशी भिडवलं. व्हाल्डिकॉक्सिब लवकर लागू पडलं आणि बंद केल्यावर लवकर उतरलं. सालई हळूहळू चढली, पण थांबवल्यावरही महिनाभर टिकली. हा निबंध २००७ मध्ये आला तोवर व्हाल्डिकॉक्सिब हृदयाच्या आणि त्वचेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे बाजारातून उठलं होतं. अर्थात ही चाचणी उघडी होती, कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं. सालईवर आधीपासून श्रद्धा असलेल्यानं हे विसरू नये.

मोजपट्टीचीही एक गंमत सांगायला हवी. गुडघ्याचं दुखणं मोजायला जगभर ‘वोमॅक’ नावाची प्रश्नावली वापरतात. मूळची ती कॅनडातली, म्हणून त्यात पायमोजे चढवताना त्रास होतो का, बाथटबमध्ये उतरताना होतो का, असे प्रश्न. भिगवणच्या बाईचा गुडघा बोलतो तो भाजी निवडायला खाली बसताना. चोप्रांच्या पुण्यातल्या केंद्रानं आपल्या जगण्याला जुळेल अशी पुण्याची आवृत्ती करून घेतली. प्रश्नच चुकला तर चांगलं औषधही नापास होतं.

ही आवृत्ती कामी आली ती सरकारी पाठबळावरच्या मोठ्या प्रकल्पात. सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांची प्रमाणित मिश्रणं एका बाजूला, ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. गुडघेदुखीचे ४४० रुग्ण, अनेक केंद्रं, २४ आठवडे. २०१३ मध्ये ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात निकाल आला की आयुर्वेदिक मिश्रणं त्या दोन्हींच्या बरोबरीची ठरली. बातम्यांतून त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्या चाचणीत प्लासिबोचा गट नव्हता. अमेरिकेत २००६ मध्ये दीड हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत हीच दोन औषधं प्लासिबोशी ताडली, तेव्हा प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांचं दुखणं बरंच उतरलं. सेलेकॉक्सिबचा आकडा ७० च्या घरात गेला, आणि एकंदर रुग्ण पाहता ग्लुकोसामीन प्लासिबोच्या ठामपणे पुढे सरकलं नाही. जे माप स्वतःच जमिनीपासून फारसं उंच नाही, त्याच्या बरोबरीला येणं म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न उरतो. पुढची चाचणी प्लासिबोसह व्हायला हवी.

त्या ४४० जणांच्या रक्ताची अधूनमधून तपासणी होत होती. आयुर्वेदिक मिश्रणं घेणाऱ्यांपैकी सात जणांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताचं विकर वाढलेलं सापडलं. त्यांना काहीही त्रास होत नव्हता. औषध थांबवलं आणि आकडा खाली आला. चाचणीबाहेर, दुकानातून डबी आणणाऱ्याचं रक्त कुणी काढत नाही. कोविडच्या काळात गुळवेल घरोघर पोचली, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली. ती वेल गुळवेल नसून तिच्यासारखीच दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ असू शकते, असं त्यांचं म्हणणं पडलं. असा वाद मिटवायला लागतो तो वनस्पतीच्या ओळखीचा दाखला. पण कुंपणावरून तोडून काढ्यात टाकलेल्या वेलीची फांदी कुणी वर्तमानपत्रात दाबून ठेवलेली नसते.